नोर लेला जाणार असाल, तर आधी घाटाचे ऐका

नकाशावर अंतर कमी दिसते म्हणून उत्तर थायलंडमधील दोई आंग खांग डोंगरावरच्या नोर ले गावाला फांग शहराच्या बाजूने, म्हणजे 1249 क्रमांकाच्या रस्त्याने जाऊ नका. भाड्याच्या गिअर नसलेल्या स्कूटरवर दोघे बसून तर मुळीच नाही. स्कूटर देणाऱ्याने "रस्ता उत्तम आहे" असे छातीठोकपणे सांगितले होते. डांबर खरोखरच गुळगुळीत आहे, परंतु सुमारे 25 किलोमीटरच्या त्या वाटेवरचे काही चढ इतके उभे आहेत की, सह्याद्रीतले घाट सवयीचे असूनही मला चार ठिकाणी पत्नीला उतरवून पायी चालवावे लागले. उतरताना तर ब्रेक तापून जळका वास सुटला, लिव्हर पूर्ण दाबूनही गाडी आवरेना, आणि शेवटी डोंगराकडच्या गटाराला चाक लावून आम्ही अर्धा तास ब्रेक निवण्याची वाट पाहत बसलो. हात थरथरत होते.

चियांग दाओवरून 1178 आणि पुढे 1340 हा लांबचा रस्ताच धरा. स्वतः गाडी चालवणार नसाल, तर चियांग माईहून फांगची बस घेऊन घाटाच्या पायथ्याशी सोंगथाव (मागे बाकडी असलेली भाड्याची पिकअप) ठरवा आणि भाडे बोलताना नोर लेचे नाव स्पष्ट घ्या. आमच्या मुक्कामावरच्या एका जोडप्याने नुसते "आंग खांग" म्हटले होते. त्यांना अलीकडच्या शेती केंद्राच्या बागेपाशी उतरवून पुढचे पैसे वेगळे मागितले.

अफूऐवजी फळे-भाज्या पिकाव्यात म्हणून राजे भूमिबोल यांनी 1969 मध्ये सुरू केलेले शेती केंद्र ओलांडले की अगदी सीमेवर नोर ले येते. हे दाराआंग, म्हणजेच पलाउंग लोकांचे गाव. 1980 च्या दशकात ब्रह्मदेशातील शान प्रांतातल्या लढाईतून जीव वाचवून ही कुटुंबे इथे आली. उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी स्ट्रॉबेरी लावलेली आहे, आणि महाबळेश्वरला वाफ्यावर जिथे प्लॅस्टिक दिसते, तिथे इथे मोठी वाळकी पाने अंथरलेली असतात. लाल लुंगी नेसलेली एक आजी फळे खुडताना कमरेभोवतीची वेताची कडी दर वेळी एका हाताने वर सारत होती. ते पाहताना माझा सगळा शीण उतरला.

फोटो विचारून काढा, लष्करी चौकीपलीकडे पाऊल टाकू नका आणि डिसेंबर-जानेवारीतच जा, कारण त्यानंतर शेते जाळल्याचा धूर दरी झाकतो. स्ट्रॉबेरी मात्र दुकानातून न घेता बांधावरच घ्या.