मण्यार चावली तेव्हा

आमच्याकडे खानदेशात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते. अडावदजवळच्या आमच्या घरात त्या रात्री भाऊबंदांची एवढी गर्दी, की पाहुण्यांना खाटा देऊन मी पुढच्या खोलीत सतरंजीवर आडवा झालो. ऐन श्रावण, बाहेर पाऊस. साप कोरडी जागा शोधत घरात शिरतात ते याच दिवसांत.

पहाटे पोटात कळ आली. कानबाईच्या प्रसादाचे रोट जास्त झाले, असं सगळ्यांचं एकमत झालं. कुणी ओवा दिला, कुणी सोडा. अंगावर सूज नाही, रक्त नाही, चावल्याची खूण नाही. मग थुंकी गिळता येईना. बायको म्हणाली, "अहो, डोळे उघडा ना." मला वाटत होतं, उघडेच आहेत. तेवढ्यात पुतण्यानं अंथरूण झटकलं आणि उशीखालून काळा, पांढऱ्या आडव्या पट्ट्यांचा साप निघाला. मण्यार. तिचा दात इतका बारीक असतो, की झोपेतल्या माणसाला कळतही नाही.

काका म्हणाले, "भगताकडे न्या." पुतण्यानं तोवर १०८ लावला होता. हा फोन पुण्याला लागतो. गाव, तालुका, जवळची खूण नीट सांगायची आणि नंतर फोन मोकळा ठेवायचा, कारण गाडीचा पायलट त्याच नंबरवर रस्ता विचारतो. २०१४ पासून ही सेवा महाराष्ट्रात फुकट आहे, गाडीत डॉक्टर असतो. हे सगळं मला तेव्हा ठाऊक नव्हतं, पुतण्याला होतं.

चोपड्याच्या उपजिल्हा रुग्णालयात सलाईनमधून सर्पविषावरच्या लसीच्या १० बाटल्या सुरू झाल्या. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही विषांवर ही एकच लस चालते. पण मण्यारीचं विष नसांच्या टोकांना धरून बसतं. एकदा बसलं की लस ते सोडवू शकत नाही. टोकं भरून येईपर्यंत छातीचे स्नायू हलत नाहीत, तोवर श्वास बाहेरून द्यायचा. घशात नळी टाकली आणि व्हेंटिलेटरसाठी जळगावला न्यायचं ठरलं. पुन्हा १०८.

रस्ता पन्नासेक किलोमीटरचा, आणि परत अडावदवरूनच. मला बोट हलवता येत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. गाडीत चढवताना चुलतभाऊ म्हणाला, "गया हाऊ." म्हणजे, गेला हा. तेही ऐकलं. त्याला अजून सांगितलेलं नाही. गाडीतल्या डॉक्टर बाई मात्र बायकोला म्हणाल्या, "त्यांना सगळं कळतंय. बोलत राहा." आणि ही बिचारी कपाशीला खत कधी टाकायचं, हे विचारत बसली.

डॉक्टर बाईंच्या हातात रबरी पिशवी होती. ती दाबली की छाती फुगायची, सोडली की बसायची. खड्डा आला, की त्या एका हातानं नळी धरायच्या आणि दुसऱ्यानं पिशवी दाबायच्या. विदगावचा तापीचा पूल आला, तेव्हा बायकोनं सवयीनं हात जोडले असणार, कारण तिच्या बांगड्या वाजल्या. पिशवीचा फसफस आवाज मी मोजायला लागलो. चुकलो की धस्स व्हायचं, आवाज थांबला की काय म्हणून. एकदाही थांबला नाही.

जळगावच्या शासकीय रुग्णालयात व्हेंटिलेटर लागला. आधी पापण्या हलल्या, मग मान उचलता आली, मग नळी निघाली. आवाज मात्र बरेच दिवस घोगरा राहिला. आता मी खाटेवर झोपतो, मच्छरदाणी गादीखाली खोचून.

काकांचं म्हणणं, भगतानं फोनवरून मंत्र टाकला म्हणून मी वाचलो. मी म्हटलं, "काका, पुढच्या वेळी त्यांना गाडीतच बसवा. जळगावपर्यंत पिशवी दाबायला दुसरा माणूस लागतोच."