करवंदाचं लोणचं: चीक काढण्यापासून बरणीपर्यंत

लोणच्याला मी मार्चअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंतची करवंदं घेते. हिरवीगार, फार तर एका अंगाला गुलाबी झाक आलेली. एक नखाने फोडून बघायचं. बी पांढरी, मऊ असेल तर ठीक. टणक झाली की लोणच्यात दाताखाली येते, मग एकेक चिरून बिया काढत बसा.

खरा वेळ खातो तो चीक. करवंद कण्हेरीच्या, देवचाफ्याच्या कुळातलं, देठ खुडला की दुधासारखा थेंब येतोच. बोटांना खोबरेल आधीच चोळायचं, कारण चीक वाळल्यावर साबणाला दाद देत नाही. 1 किलो करवंदांना 2 लिटर पाणी आणि 2 चमचे मीठ. देठ खुडायचा की करवंद पाण्यात. अर्ध्या तासात पाणी गढूळ होतं, पातेल्याच्या कडेला चिकट रेघ दिसते. ते ओतून टाकून करवंदं चोळून धुवायची, बत्त्याने हलकेच ठेचायची (तडा जावा, चेंदा नको) आणि पुन्हा तासभर मीठपाण्यात. हे दुसरं पाणी टाळलं की लोणचं टाळूला चिकटतं.

मग फडक्यावर, पंख्याखाली रात्रभर. वरून कोरडं दिसतं, पण तड्यात पाणी राहतं आणि बुरशी तिथूनच धरते. म्हणून सकाळी एकदा फडक्यात दाबून पुसते.

180 ग्रॅम मीठ आणि 2 चमचे हळद चोळून दोन दिवस बरणीत ठेवायची, खार सुटतो. तिसऱ्या दिवशी 100 ग्रॅम मोहरीची डाळ, 50 ग्रॅम तिखट, तळून कुटलेली 2 चमचे मेथी, चमचाभर हिंग. 300 मिली तेलाची फोडणी पूर्ण गार करूनच घालायची. गरम पडली तर करवंदं लिबलिबीत होतात आणि मोहरी कडवटते. आठवड्याने करवंदं तेलाबाहेर डोकावत असतील तर आणखी तेल तापवून, गार करून ओतायचं. पंधरा दिवसांनी लोणचं मुरतं.

मे महिन्यातली काळी मैना, म्हणजे पिकलेली काळी करवंदं, लोणच्याच्या कामाची नाही. ती द्रोणातून खायची, आतल्या रंगावरून कोंबडा की कोंबडी बघत. उरली तर सरबत, पण अॅल्युमिनियमच्या पातेल्यात नको, आंबट रस भांड्याला खातो. मिक्सरही नको, बी भरडली की रस कडू होतो. साखर घातल्यावर एक उकळी आली की गॅस बंद. जास्त आटवलं तर बाटलीत त्याची जेली होते आणि ती चमच्याने काढावी लागते. पोळीबरोबर मात्र झकास लागते.