टास्क सुटण्याची वेळ

रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिमवर, म्हणजे प्रत्येक काम ठरल्या वेळी व्हावं हे बघणाऱ्या सॉफ्टवेअरवर, काम करतो म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, "म्हणजे फार फास्ट असणार ना?" पूर्वी समजावून सांगायचो, आता नुसती मान हलवतो. आमचा बराचसा वेळ उलट टास्कला, म्हणजे प्रोग्राममधल्या एकेका कामाला, अडवून धरण्यात जातो. काम तयार आहे, प्रोसेसर रिकामा बसलाय, तरी कुणी कधी चालायचं ते ठरवणारा शेड्युलर म्हणतो, थांब, तुझी वेळ झालेली नाही.

ही वेळ म्हणजे रिलीज टाइम. डेडलाइनला सगळे वचकून असतात, रिलीजकडे मात्र कुणी ढुंकून पाहत नाही. आता डेडलाइन मोजायची ती रिलीजपासूनच. मग सुरुवातच सरकत राहिली तर शेवट पाळला म्हणून काय मोठं केलं?

आणि ती सरकते फार साळसूदपणे. समजा, दर १० मिलिसेकंदांनी सेन्सर वाचायचा आहे. नवखा माणूस लूप लिहितो: वाच, हिशोब कर, १० मिलिसेकंद झोप, पुन्हा वाच. दिसायला अगदी बरोबर. पण वाचण्यात आणि हिशोबात २ मिलिसेकंद गेले की फेरा झाला १२ चा. तासाभरात ३ लाख ६० हजार वाचनं हवी होती, पदरात पडली ३ लाख. त्यात वरच्या प्रायॉरिटीचा टास्क मध्येच घुसला की १२ चे १३ होतात, म्हणजे चूकसुद्धा धड एकसारखी नाही. दर आठ तासांनी घ्यायची गोळी 'मागची घेतली तेव्हापासून आठ तास' अशी मोजणाऱ्याचं हेच होतं. थोडी थोडी घसरत एक दिवस ती पहाटे तीनवर येते. म्हणून फ्रीआरटीओएस या अशाच एका सिस्टिममध्ये 'डिले' वेगळं आणि 'डिले अन्टिल' वेगळं. पहिलं म्हणतं, इथून पुढे इतका वेळ झोप. दुसरं म्हणतं, घड्याळात अमुक वाजेपर्यंत झोप. नियमित फेऱ्याच्या टास्कमध्ये पहिलं दिसलं की मी पुढचा कोड वाचतच नाही, आधी ते बदलायला सांगतो.

हे सगळं डोळ्यांनी बघता येतं, आणि ते बघणं मला अजूनही आवडतं. टास्क सुरू होताच चिपच्या एका पिनचा व्होल्टेज वर न्यायचा, संपताच खाली आणायचा. ऑसिलोस्कोपचा, म्हणजे व्होल्टेजचा आलेख दाखवणाऱ्या यंत्राचा, एक प्रोब त्या पिनवर, दुसरा हार्डवेअर टायमरच्या पल्सवर, आणि ट्रिगर, म्हणजे चित्र कुठून सुरू करायचं ती खूण, पल्सवरच. मग पर्सिस्टन्स चालू करून, म्हणजे जुन्या रेघा पडद्यावर तशाच राहू देऊन, नुसतं बसायचं. रिलीज नेमका असेल तर हजारो फेऱ्यांच्या चढत्या कडा एकमेकींवर पडून केसाएवढी रेघ उमटते. नसेल तर त्या जागी धुरकट पट्टा तयार होतो, आणि बघता बघता जाड होत जातो. तोच जिटर, म्हणजे रिलीजच्या वेळेतली चलबिचल. उतरती कडा पसरलेली असते, तिला मी माफ करतो. काम कधी थोडं असतं, कधी जास्त. चढत्या कडेला माफी नाही.

का नाही, ते मोटरला विचारा. वेग काढताना आपण दोन वाचनांमध्ये मोटर जितकी फिरली ते अंतर १० मिलिसेकंदांनी भागतो. प्रत्यक्षात एक वाचन आधीच्यानंतर ९ मिलिसेकंदांनीच आलं आणि पुढचं त्यानंतर ११ नी, तर एकाच वेगाने फिरणारी मोटर आधी १० टक्के हळू दिसते आणि लगेच १० टक्के जोरात. मोटरचा वेग राखणारा कंट्रोल लूप बिचारा नसलेली चूक सुधारायला धावतो आणि मोटर गुरगुरायला लागते. म्हणजे उशीर वाईटच, पण लवकर येणंही तितकंच वाईट.

दुसरी गंमत गर्दीची. लिऊ आणि लेलँड या संशोधकांनी १९७३ मध्येच दाखवून दिलं, की एका प्रोसेसरवर, ठरलेल्या प्रायॉरिटीने चालताना, एखाद्या टास्कचे सगळ्यांत जास्त हाल त्याच्या वरच्या प्रायॉरिटीचे सगळे त्याच्याबरोबरच सुटले की होतात. आणि आपण काय करतो? बूट झालं की सगळ्यांना शून्यावर एकदम सोडतो. १०, २०, ५० आणि १०० मिलिसेकंदांचे चार टास्क असे सोडले की दर १०० ला चौघेही दारात उभे. त्याऐवजी पहिला ० वर, दुसरा ३ वर, तिसरा ६ वर, चौथा ८ वर सोडला, तर चौघांतले कुठलेही दोघे पुढे कधीच एका क्षणी सुटत नाहीत. एक ओळ न वाढवता, फक्त आकडे बदलून! मात्र कुणी हौसेने ७ आणि ११ मिलिसेकंदांचे पिरियड, म्हणजे फेऱ्यांचे कालावधी, निवडले असतील तर ऑफसेट, म्हणजे पहिल्यांदा सोडायची वेळ, पूर्ण मिलिसेकंदांत काहीही द्या, दर ७७ मिलिसेकंदांत त्यांची एकदा गाठ पडणारच. मूळ संख्यांचं प्रेम गणितात ठेवावं.

उरला प्रश्न हुकलेल्या फेऱ्यांचा. वरच्या प्रायॉरिटीचं कुणीतरी अर्धा सेकंद प्रोसेसर अडवून बसलं, तर आपल्या १० मिलिसेकंदांच्या टास्कच्या ५० वेळा हुकल्या. 'डिले अन्टिल'चा स्वभाव हिशोबी. वेळ उलटून गेलेली दिसली की ते झोपूच देत नाही, त्यामुळे टास्क राहिलेले पन्नास फेरे धापा टाकत पाठोपाठ मारतो. फेऱ्यांचीच मोजदाद असेल तिथे ठीक. पण कंट्रोल लूपमध्ये एका क्षणात पन्नास वाचनं घेऊन करायचं काय? तिथे मी राहिलेले फेरे सोडून देतो, १० च्या पुढच्या पटीवर टास्क पुन्हा लावतो आणि किती हुकले ते एका काउंटरमध्ये टाकतो. तो काउंटर हलला की आपल्या टास्कला हात लावायचा नाही. अर्धा सेकंद कोण बसून राहिलं होतं, ते आधी शोधायचं.