ओळंबा आणि करारपत्राचे दुसरे पान

जुन्या घरांची मोजमापे घेऊन त्यांचे नकाशे नव्याने काढणे हे लॉस एंजेलिसमधले माझे काम. यातला निम्मा वेळ लेझर मीटरपेक्षा जुन्या कागदपत्रांत जातो, हे बाहेरच्यांच्या सहसा लक्षात येत नाही. गेल्या वर्षी आलेल्या एका घराच्या १९३६ सालच्या बांधकाम परवान्यावर वास्तुविशारदाच्या रकान्यात पॉल आर. विल्यम्स हे नाव निघाले आणि मालक हरखून गेले, कारण घर विकायचे होते आणि या शहरात आता त्या नावाला भाव आहे.

चार वर्षांचे होईपर्यंत आईवडील दोघेही गमावलेले विल्यम्स १९२३ मध्ये अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सचे पहिले कृष्णवर्णीय सदस्य झाले. त्याच संस्थेचे सुवर्णपदक मात्र त्यांना २०१७ मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर ३७ वर्षांनी मिळाले. गौरव इतका उशिरा करणाऱ्या संस्थेने त्या वर्षी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली, असे माझे मत आहे.

या घराचा प्राण म्हणजे दिवाणखान्यातून वळत वर जाणारा जिना. असा जिना लेझर मीटरने नीट मोजता येत नाही, कारण कठडा वळता वळता चढतही असतो. मी जमिनीवर कागद चिकटवला, कठड्याच्या प्रत्येक गजापासून ओळंबा सोडला, टोक स्थिरावले की पेन्सिलीने खूण केली आणि प्रत्येक खुणेचे अंतर भिंतीच्या दोन ठरावीक कोपऱ्यांपासून मोजले. या कामात अख्खी दुपार गेली. प्रत्येक पायरीची उंची, पहिलीपासून शेवटचीपर्यंत, साडेसहा इंच भरली. ऐंशीहून अधिक वर्षे उलटून गेलेल्या लाकडात एका सुताचाही फरक नव्हता. आजचे ठेकेदार सरळ जिन्यातही इतकी अचूकता देत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मालकीची साखळी तपासायला मी नॉरवॉकच्या काउंटी नोंदणी कार्यालयात गेले. त्या भूखंडाच्या मूळ करारपत्राच्या दुसऱ्या पानावर, कुंपणाच्या उंचीच्या आणि कोंबड्या न पाळण्याच्या अटींच्या मधोमध एक कलम होते: कॉकेशियन, म्हणजे गोऱ्या, वंशाबाहेरच्या कोणीही, घरकामाचे नोकर वगळता, येथे राहू नये. ज्यांनी तो जिना कागदावर उतरवला, त्यांना त्याच्या वरच्या मजल्यावर रात्रीपुरते झोपायचे असते, तर नोकर म्हणूनच झोपावे लागले असते. विल्यम्सनी स्वतः १९३७ मध्ये एका मासिकात लिहिले होते की, अशा सुंदर वस्तीतल्या घराचे आराखडे काढून संध्याकाळी आपण शहराच्या कमी प्रतीच्या भागातल्या स्वतःच्या लहानशा घरी परततो. गोऱ्या ग्राहकाला आपल्या शेजारी बसणे नकोसे वाटेल, म्हणून ते टेबलाच्या पलीकडे बसलेल्या ग्राहकाला सुलट दिसेल असे, स्वतःच्या बाजूने उलटे रेखाटन करायला शिकले होते.

ते कलम मलाही लागू पडले असते. विल्यम्सना सदस्यत्व मिळाले त्याच १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या नागरिकत्वाच्या खटल्यात भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नव्हे, असे ठरवले होते.

मी ते पान अहवालाला परिशिष्ट म्हणून जोडले. आमच्या वरिष्ठांनी ते काढायला लावले. १९४८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अशी कलमे न्यायालयाकरवी बजावता येत नाहीत, शिवाय आपल्याला घराच्या इतिहासाचे पैसे मिळतात, जमिनीच्या नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. पहिला मुद्दा बिनचूक आहे. दुसऱ्यावर मी तिथल्या तिथे उत्तर द्यायला हवे होते. तेव्हा सुचले नाही आणि आता रोज सुचते. परवाना आणि करारपत्र एकाच घराचे असताना एक किंमत वाढवणारे म्हणून इतिहास आणि दुसरे अडचणीचे म्हणून नुसती जमीन, ही वाटणी कोणी केली?

कॅलिफोर्नियात असे कलम नोंदीतून खोडून घेण्यासाठी अर्ज करता येतो. नव्या मालकांना हे कळवावे असे एकदा वाटते, आणि तो अर्ज मंजूर झाला तर ते वाक्य नोंदीत खोडले जाईल म्हणून कळवू नये असेही वाटते. ते घर आता विकले गेले आहे. जाहिरातीच्या पहिल्याच छायाचित्रात जिना होता आणि खाली ठळक अक्षरांत विल्यम्सचे नाव. दुसऱ्या पानाची प्रत माझ्या खणात, ओळंब्याच्या खुणा असलेल्या त्या कागदाच्या घडीत आहे.