बाळाला दूध पचत नाहीये हे ओळखायचं कसं? आधी शी बघा

बाळ दूध पिऊन रडलं की आजकाल पहिला शब्द येतो लॅक्टोज इनटॉलरन्स, म्हणजे दुधातली साखर (लॅक्टोज) न पचणं. दोन-तीन महिन्यांचं बाळ संध्याकाळ झाली की पाय पोटाशी घेऊन तासभर ओरडतं, गॅस सोडतं, सगळं घर हैराण, पण वजन छान वाढतंय, शू भरपूर होतेय, तर ते बहुतेक कॉलिक असतं आणि तीन-चार महिन्यांचं झालं की आपोआप कमी होतं. त्यासाठी दूध बदलायची गरज नसते.

जन्मापासूनच लॅक्टोज पचत नाही अशी बाळं अगदीच दुर्मिळ, आणि त्यांना पहिल्या काही दिवसांतच इतके जुलाब होतात की घरी बसून अंदाज बांधायची वेळच येत नाही. आईच्या दुधात तर लॅक्टोज गाईच्या दुधापेक्षा जास्त असतं, १०० मिलीमध्ये साधारण ७ ग्रॅम, आणि बाळाच्या आतड्यात ते पचवणारं लॅक्टेज तयारच असतं. आमच्याकडे सासूबाईंचं म्हणणं होतं की आजोबांना दूध सोसत नाही तेच नातवात उतरलं. आजोबांचा प्रकार अनुवांशिक असतो हे खरं, पण तो लहानपण सरताना हळूहळू सुरू होतो, मांडीवरच्या बाळाला नाही.

बाळांमध्ये जे खरोखर बघायला मिळतं ते बहुतेक वेळा जुलाबानंतरचं. आमच्या लेकाचं तसंच झालं. नऊ महिन्यांचा होता, ताप, उलट्या, पाण्यासारखे जुलाब, मग ताप गेला, उलट्या थांबल्या, पोरगा खेळायला लागला, आम्ही म्हटलं सुटलो. पण वरचं दूध बाटलीने पाजलं की थोड्या वेळात पोटात गुडगुड आणि फाटकन आवाज करून शी, फेसाळ, पातळ, आंबूस वासाची, आणि कुल्ले असे लालभडक की पाणी लावलं तरी किंचाळायचा. सगळे म्हणाले दात येतायत, ढाळ लागले असतील. माझ्या आईने मात्र बरोबर पकडलं, म्हणाली मऊभात खाल्ला की काही होत नाही, दूध प्यायलं की होतं, हे डॉक्टरांना सांग.

डॉक्टरांनी समजावलं ते असं की लॅक्टेज आतड्याच्या आतल्या बारीक केसांसारख्या टोकांवर असतं, रोटाव्हायरससारखं इन्फेक्शन झालं की ती टोकंच झडतात, मग न पचलेली साखर मोठ्या आतड्यात जाऊन आंबते, त्यातून गॅस, फेस आणि अ‍ॅसिड, आणि त्या अ‍ॅसिडनेच कातडी भाजते. टोकं परत आली की लॅक्टेज परत येतं. म्हणजे आजार तात्पुरता, सहसा काही आठवड्यांचा.

शीची टेस्ट सांगितली, पीएच (शी किती आंबट आहे ते) आणि रिड्युसिंग सबस्टन्सेस (न पचलेली साखर). पीएच ५.५ च्या खाली आणि साखर सापडली तर संशय पक्का होतो. यात एक गोष्ट कुणी नीट सांगत नाही, शीचा पातळ भागच लागतो आणि तो डायपर शोषून घेतो, म्हणून डायपर उलटा लावा किंवा आत प्लास्टिक ठेवा, आणि सॅम्पल ताजं द्या, तासन्‌तास घरात पडलेलं नको. आणि फक्त अंगावर पिणाऱ्या तान्ह्या बाळाची टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणून घाबरू नका, त्यांच्या शीत थोडी साखर असणं नॉर्मल असू शकतं.

अंगावरचं दूध बंद करायचं नाही, हे डॉक्टरांनी दोनदा बजावलं. आईने स्वतःचं दूध-दही सोडून काही उपयोग नाही, आई काहीही खाओ, तिच्या दुधातलं लॅक्टोज तेवढंच राहतं. बाटलीचं दूध तेवढं काही दिवस लॅक्टोज-फ्री दिलं, ते पण त्यांनी सांगितलं म्हणून. बाकी ओआरएस, १४ दिवस झिंक, मऊभात, मुगाचं वरण, आणि कुल्ल्यांना झिंकचं मलम. शेळीचं दूध द्या, ए२ दूध द्या असं सांगणारे भेटतातच, पण लॅक्टोज दोन्हीत असतंच हो!

शीत रक्त किंवा शेंबूड दिसला, अंगावर पुरळ उठलं, सारख्या उलट्या होतायत तर ते दुधातल्या प्रोटीनची अ‍ॅलर्जी असू शकते, ते प्रकरणच वेगळं, तिथे लॅक्टोज-फ्रीने भागत नाही आणि अंगावर पाजणाऱ्या आईला कधीकधी खरंच दुधाचे पदार्थ सोडावे लागतात. आणि टाळू खोल गेली, शू कमी झाली, बाळ मलूल पडलं की टेस्टबिस्ट राहू दे, थेट हॉस्पिटल गाठा.

नेहमीचं दूध परत सुरू करताना आमच्याकडे आधी भातात दोन चमचे दही कालवून बघितलं, दह्यात विरजणाने थोडं लॅक्टोज आधीच खाल्लेलं असतं, ते सोसलं. मग नेहमीच्या फॉर्म्युल्याची अर्धी बाटली सकाळी, म्हणजे दिवसभर शीवर लक्ष ठेवता येतं. फेस नाही, आवाज नाही, मग दुसऱ्या दिवसापासून पूर्ण बाटली. लॅक्टोज-फ्रीचा डबा अर्धा उरला होता, तो परत काढायची वेळ आली नाही.