सिग्नल पडेना, डीव्हीडी होईना

आधीच सांगून टाकते. बाहेरून जोडायचा डीव्हीडी रायटर घेतलात तर खोक्यातली वायर फेकू नका, आणि तो रायटर कॅबिनेटच्या पुढच्या यूएसबीला लावू नका. एवढंच हवं असेल तर इथं थांबलात तरी चालेल. पुढचा मजकूर म्हणजे माझा राग आहे.

मिरजेत माझं फॉल-पिको आणि मॅचिंगचं छोटं दुकान आहे. शेजारच्या गाळ्याशी सामाईक भिंतीवरून वाद आहे, प्रकरण कोर्टात आहे, त्याबद्दल यापेक्षा जास्त लिहीत नाही. दुकानातल्या कॅमेऱ्यात जे सापडलं त्याच्या अकरा क्लिपा निघाल्या, मिळून ३.९ जीबी. वकीलसाहेब म्हणाले, "डीव्हीडीवर द्या. तीन प्रती. एक कोर्टाला, एक समोरच्या पार्टीला, एक आपल्या फायलीला." मी म्हटलं, पेनड्राइव्ह देते की. तर म्हणे, "पेनड्राइव्हवरचं पुसता येतं, बदलता येतं. उद्या समोरचा वकील त्यावरच अर्धा तास खाईल. डीव्हीडी-आर आणा, आरडब्ल्यू नको." आर म्हणजे एकदाच लिहिता येणारी, आरडब्ल्यू म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणारी. तारखेला दहा दिवस होते. मी मनात हसले. एकेकाळी अख्ख्या गल्लीला लग्नाच्या सीड्या मीच मारून दिल्या होत्या. अर्ध्या तासाचं काम.

कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला पूर्वी हे करून द्यायचा. आता त्याच्याकडे ड्राइव्हच नाही. दुसऱ्या एकाकडे आहे, पण त्याचा मेव्हणा समोरच्या पार्टीकडे कामाला. म्हणजे घरचाच कॉम्प्युटर.

घरचा कॉम्प्युटर २०११ सालचा. आतल्या ड्राइव्हमध्ये कोरी डिस्क घातली, बर्न म्हटलं, आणि पहिल्याच मिनिटाला 'पॉवर कॅलिब्रेशन' असं काहीतरी लिहून डिस्क बाहेर. पुन्हा घातली, पुन्हा बाहेर. हा प्रकार मला नंतर कळला. लिहायला सुरुवात करण्याआधी ड्राइव्ह डिस्कच्या अगदी आतल्या कडेला लेसरचा जोर थोडा थोडा बदलून चाचणी घेतो, कुठल्या जोराला डाग नीट उमटतो ते बघतो. तिथंच जमलं नाही तर पुढं जातच नाही. दुरुस्तीवाल्याला फोन केला. "ताई, ड्राइव्ह गेलाय." मी म्हटलं, अहो, जुन्या सीड्या छान वाचतोय. "वाचणं वेगळं, लिहिणं वेगळं." तेव्हा राग आला, पण माणूस खरं बोलत होता. वाचायला लेसरचा मिणमिणता उजेड पुरतो. लिहिताना डिस्कमधला रंगाचा थर तापवावा लागतो, त्याला कितीतरी जास्त जोर हवा. म्हातारा झालेला लेसर वाचतो आणि लिहीत नाही. भिंगावरची धूळ पुसून पाहिली, फरक शून्य. मग ऑनलाइन बाहेरचा रायटर मागवला. पातळ, काळा, पाटीएवढा. तिसऱ्या दिवशी आला.

इथून पुढं सहा दिवस माझे गेले.

माझा कॅबिनेट टेबलाखाली असतो. रायटरच्या खोक्यात एक आखूड वायर होती, तिला एका बाजूला चक्क दोन यूएसबीची टोकं. मला वाटलं एक टोक जादाचं असेल, दोन कॉम्प्युटरवाल्यांसाठी वगैरे. ती खोक्यातच ठेवली आणि ड्रॉवरमधली माझी लांब वायर लावली, म्हणजे रायटर टेबलावर ठेवता येईल. पुढच्या यूएसबीला जोडला. दिवा लागला, ट्रे उघडला, जुनी भजनाची सीडी लगेच वाजली. सगळं ठीक.

पहिली डिस्क ६१ टक्क्यांवर गेली. दुसरी ३ टक्क्यांवर. तिसरी २२ वर. चौथी ९४ वर, आणि त्या ९४ ला मी खुर्चीवरून उठून चहा टाकायला गेले होते, इतका माझा विश्वास बसला होता.

मी आधी डिस्कवर संशय घेतला. दहाचा डबा होता, तो बाजूला ठेवून दुसऱ्या कंपनीच्या पाच सुट्या आणल्या. त्यातली एक ४० वर गेली. मग वेगावर संशय घेतला. ८एक्सवरून ४एक्सवर आले, मग २एक्स मागितला. २एक्स यादीतच नव्हता. आजच्या १६एक्सच्या डिस्का फार हळू लिहिण्यासाठी बनवलेल्याच नसतात. "जितकं हळू तितकं पक्कं" हा सीडीच्या जमान्यातला सल्ला इथं तसाच लागू पडत नाही. ४ किंवा ८ बरोबर. मग अँटिव्हायरस बंद केला, वायफाय बंद केलं. क्लिपा पेनड्राइव्हवरून थेट न लिहिता आधी हार्ड डिस्कवर घेतल्या. ही सवय चांगलीच आहे, करा, पण माझा प्रश्न तिनं सुटला नाही. ड्राइव्ह डिव्हाइस मॅनेजरमधून काढून कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. १३ टक्के.

दुरुस्तीवाला म्हणाला, "नवीन रायटर पण खराब आलाय, परत करा." परत करायची मुदत संपायला दोन दिवस होते. मी जवळजवळ खोकं बांधलंच होतं.

वाया गेलेली डिस्क उजेडात तिरकी धरली की कुठपर्यंत लिहिलं गेलं ते दिसतं. आतून बाहेर लिहीत जातो, जळालेला भाग किंचित गडद, आणि जिथं थांबलं तिथं स्पष्ट कडा. माझ्या डिस्कांच्या कडा ओळीनं लावल्या तर कुठंही मेळ नाही. एक आतच, एक मध्ये, एक पार काठाला. आता मला कळतं की खूण हीच होती. डिस्का खराब असत्या किंवा भिंग मळलेलं असतं, तर बहुतेक वेळा त्रास काठाकडे जाताना वाढला असता. कुठंही, कसंही तुटतं तेव्हा डिस्कपेक्षा वायर आणि वीज बघायची. तेव्हा मात्र मी त्या डिस्का आप्पांना दिल्या. आप्पांनी दोऱ्यात ओवून चुलत्यांच्या रानात शाळूवर टांगल्या, पाखरांसाठी. तेवढा तरी उपयोग.

विंडोजचं स्वतःचं बर्निंग फक्त "काहीतरी चुकलं" एवढंच सांगतं. काय चुकलं ते सांगत नाही. म्हणून सातव्या दिवशी इम्गबर्न हे डिस्क लिहायचं सॉफ्टवेअर घेतलं. फुकट आहे, जुनं आहे, २०१३ नंतर नवी आवृत्ती नाही, पण ते खाली एका खिडकीत ओळीओळीनं सगळं लिहीत जातं. आठवी डिस्क ४७ टक्क्यांवर थांबली आणि खिडकीत लाल खूण: 'द सेमाफोर टाइमआउट पिरियड हॅज एक्स्पायर्ड.'

मी मोठ्यानं वाचलं. शेजारी आप्पा पेपर वाचत होते. आप्पा रेल्वेत गार्ड होते, रिटायर होऊन अठरा वर्षं झाली. त्यांनी पेपर खाली घेतला. "सेमाफोर? आमचा हाताचा सिग्नल?"

"त्याचा इथं काय संबंध, आप्पा?"

"मला काय माहीत. पण सिग्नल पडला न्हाई तर गाडी उभीच राहणार की."

संबंध होता. आप्पांचा सेमाफोर म्हणजे खांबावर आडवा हात असलेला जुना सिग्नल, तो हात खाली पडला की गाडीला वाट मोकळी. संगणकातला सेमाफोर हा शब्द १९६०च्या दशकात डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञानं आणला, आणि तो रेल्वेच्या सिग्नलवरूनच. त्या ओळीचा अर्थ एवढाच: कॉम्प्युटरनं रायटरला काहीतरी विचारलं, ठरलेल्या वेळात उत्तर आलं नाही. डिस्कवर लिहिता आलं नाही अशी ती तक्रार नव्हती. पलीकडून कुणी बोललंच नाही अशी होती. आठवडाभर मी डिस्का बदलत होते आणि भांडण वायरीत होतं.

रायटर उलटा केला. खाली बारीक अक्षरात लेबल: ५ व्होल्ट, १.५ अँपिअर. साध्या यूएसबी २.० ला नियमाप्रमाणे अर्धा अँपिअर मिळतो. निळ्या ३.० ला ०.९. लेबलवरचा आकडा कमाल असतो, एरवी एवढं लागत नाही, म्हणून भजनाची सीडी आरामात वाजली. पण मोटर जोरात फिरते आहे आणि लेसरही पेटला आहे, अशा वेळी भूक वाढते. त्यात माझी लांब वायर वाटेत थोडं खाणार, आणि कॅबिनेटच्या पुढच्या यूएसबीला तर आतून आणखी एक बारीक वायर मदरबोर्डपर्यंत गेलेली असते. क्षणभर व्होल्टेज खाली आलं की रायटर बेशुद्ध. म्हणूनच एकदा ३ वर आणि एकदा ९४ वर. आता आठवतं, थांबण्याआधी आवाजही बदलायचा, दम लागल्यासारखा. मी तो पंख्याचा समजत होते.

आप्पांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मग बँकर लाव." कर्जतहून लोणावळ्याला घाट चढताना गाडीला मागून जादा इंजिनं लावतात, त्यांना बँकर म्हणतात. आणि तेवढ्यात माझ्या डोक्यात ती दोन टोकांची वायर आली.

खोक्यात होती. पहिल्या दिवसापासून. एक टोक माहिती आणि वीज दोन्ही नेतं, दुसरं फक्त जादा वीज आणतं. सोबतच्या कागदावर चित्रही होतं, मुंगीएवढं. ते चित्र कुणी काढलं त्याच्याशी मला दोन शब्द बोलायचे आहेत.

टेबल पुढं ओढलं, गुडघ्यावर बसून कॅबिनेटच्या मागं हात घातला, दोन्ही टोकं मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या यूएसबीत लावली. रायटर कॅबिनेटच्या डोक्यावर सपाट ठेवला. ४एक्स. ३.९ जीबीला साडेबारा मिनिटं लागली, मी एकदाही उठले नाही. आप्पा ६१ ला विचारतात, "पडला का सिग्नल?" ९४ ला पुन्हा विचारतात. शंभर झाल्यावर ट्रे बाहेर आला तेव्हा मला खरंच रडू आलं, आणि ते एका डिस्कसाठी, हे लिहितानाही लाज वाटते.

दुसरी प्रत लिहून झाली आणि तपासणीत अडकली. यात दोष माझाच. 'व्हेरिफाय'ची खूण ठेवली होती. ती ठेवाच, लिहिलेलं सगळं वाचून मूळ फायलीशी ताडून बघतं. पण एका प्रतीला लिहिणं आणि तपासणं मिळून पंचवीस मिनिटं होतात, मी दुकानात गेले आणि कॉम्प्युटर विसाव्या मिनिटाला झोपला. स्लीप 'कधीच नाही' करून ठेवा. ती डिस्क पुन्हा तपासली तर बरी निघाली.

मध्येच आठवलं म्हणून सांगते. विंडोजमधून लिहिणार असाल तर सुरुवातीला तो विचारतो, डिस्क यूएसबी फ्लॅश ड्राइव्हसारखी वापरायची की सीडी-डीव्हीडी प्लेअरसाठी. दुसरं निवडा. पहिल्यात डिस्क उघडी राहते, नंतर भर घालता येते, जुन्या मशीनवर चालेल याचा भरवसा नाही, आणि 'बदलता येऊ नये' या वकिलांच्या सगळ्या खटाटोपावर पाणी. डब्यावर ४.७ जीबी लिहिलेलं असतं ते कंपनीच्या हिशोबानं, विंडोज त्यालाच ४.३८ म्हणतो. काठोकाठ भरू नका.

कोर्टासाठी असेल तर हॅश आधी काढा. हॅश म्हणजे फायलीतल्या मजकुरावरून निघणारा तिचा ठसा, फाईल जराशी बदलली तरी तो बदलतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे, त्याच्या कलम ६३ खाली जे प्रमाणपत्र द्यावं लागतं (पूर्वीचं ६५-ब) त्यात हॅश भरायचा असतो. त्याचे दोन भाग आहेत, एक आपण भरायचा, एक तज्ज्ञानं. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये सर्टयुटिल नावाची सोय आहे, तिनं फायलीचा एसएचए-२५६ निघतो, चौसष्ट अक्षरांची माळ. मी मूळ अकरा फायलींचा काढला आणि मग तिन्ही डिस्कांवरच्या फायलींचा काढून ताडला. एक अक्षरही इकडंतिकडं नव्हतं. वकीलसाहेबांनी हे सांगितलं नव्हतं, मी माझ्या समाधानासाठी केलं, आणि त्यांनी कारकुनासमोर ते दोनदा बोलून दाखवलं.

डिस्कवर नाव घालायला सीडी मार्करच घ्या. बॉलपेन नको. सीडीत तर माहितीचा थर लेबलच्या बाजूलाच, पातळ लाखेखाली असतो. डीव्हीडीत तो दोन चकत्यांच्या मध्ये असतो, तरी दाबून लिहू नये. कागदी स्टिकर मुळीच नको, तोल जातो आणि वेगात थरथरते. केस नंबर मी मार्करनं आतल्या पारदर्शक कड्यावर लिहिला.

हिशोब: नऊ डिस्का वाया, तीन कामाच्या, तीन शिल्लक. रायटर परत केला नाही.

तारखेच्या आदल्या दिवशी डिस्का वकीलसाहेबांच्या ऑफिसात नेल्या. त्यांनी एक हातात घेतली, लॅपटॉप डाव्या बाजूनं बघितला, उजव्या बाजूनं बघितला. लॅपटॉप नवा होता. त्याला ड्राइव्ह नव्हता.

"मॅडम," ते म्हणाले, "उद्या येताना तुमचा तो डबा घेऊन या."

"आणि वायर?"

"कसली वायर?"

"ती मी आणते," म्हटलं.