चोपड्यातलं काष्ठौषधींचं जुनं दुकान

जळगावहून विदगावचा तापीचा पूल ओलांडून चोपड्याला आलो. जुन्या पेठेतलं काष्ठौषधींचं, म्हणजे झाडपाल्याच्या औषधांचं, हे दुकान आता काही विकत नाही. घरच्यांनी ते होतं तसं राखलंय. जायचं तर सकाळी जा, खणांवरची झिजलेली अक्षरं उन्हातच नीट वाचता येतात.

सागवानी खणांत हिरडा, बेहडा, वेखंड, नागरमोथा, मुरडशेंग, सगळं अख्खं. शार्ङ्गधरसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात म्हटलंय की चूर्णाचा गुण दोन महिन्यांत उतरतो, म्हणून कुटायचं ते गिऱ्हाईक समोर आल्यावर. वावडिंग आणि काळी मिरी मुद्दाम लांब ठेवलीत, कारण घाईत दोन्ही सारखीच दिसतात. हिंगाचा डबा तर पार दुसऱ्या भिंतीला. शेजारी ठेवला तर सगळ्या मालाला वास लागतो.

आम्ही सगळ्यात जास्त वेळ खलांपाशी थांबलो. एक लोखंडी, एक दगडी. हिरडा जरा ओलसर असताना लोखंडी खलात कुटला की चूर्ण काळं पडतं. त्यातला तुरट अंश लोखंडाशी मिळून शाईसारखा रंग धरतो. म्हणून हिरडा असलेलं त्रिफळा चूर्ण दगडी खलातच. दुकान दाखवणाऱ्या आप्पांनी वाटीभर पाण्यात एक हिरडा टाकला. तळाला गेला. चांगला हिरडा बुडतो. तरंगला तर पोकळ किंवा किडका समजावा.

तागडीजवळ गुंजांची डबी आहे. 8 गुंजांचा मासा, 12 माशांचा तोळा, म्हणजे 11.66 ग्रॅम. सुरकुतलेली गुंज हलकी भरते, म्हणून टपोऱ्या, एकसारख्या निवडायच्या. लहान मुलं बरोबर असतील तर डबीपासून दूर ठेवा, गुंजेचं बी विषारी असतं.

काढ्याचं मडकं उघड्या तोंडाचं. 1 भाग भरड, 16 भाग पाणी, मंद आचेवर आठवा हिस्सा उरेपर्यंत. चूर्ण घातलं तर काढा गढूळ होतो, गाळता गाळला जात नाही, भरडच हवी.

खालच्या फळीवर बिब्ब्यांची बरणी आणि शेजारी विटेचा चुरा. बिब्ब्याचं तेल अंगाला लागलं की फोड येतात. म्हणून आधी बिब्बे विटेच्या चुऱ्यात घोळून, चोळून तेल शोषवायचं, मग गरम पाण्याने धुवायचे. बरणीचं झाकण आप्पा अजूनही फडक्यानेच धरतात.